म्हसोबाच्या पोटातला अर्धा वाघ

उत्तमा, तुझ्या तेरवीला बुंदी कमी पडली. मी सांगतो, पाच हजार पान उठलं. तुझ्या घरच्या कांता वयनी म्हणतात, तीनशेही नसंल. तू असतास तर पायाच्या नखाकडं बघत नुसतं "असंन" म्हणाला असतास, आणि माझी पाच हजार माणसं जागच्या जागी विरघळून गेली असती.

पण गर्दी होती गड्या. मेडशीचे तुझे सोयरे आले. कारंज्याचा तो अडत्या आला, ज्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून तू सोयाबीन वाशीमला न्यायचास. रिठदचे मास्तर आले. जो तो तुझ्या फोटोपुढं हात जोडून एकच वाक्य बोलत होता, "वाघ सापडलेला माणूस गेला." मी पत्रावळी उचलत होतो. खोटं कशाला बोलू, मला तुझा हेवा वाटला. हार घातलेल्या फोटोचा हेवा. माझ्या तेरवीला कोण कोण येईल ते मी तिथंच मनात मोजायला बसलो, तर लक्षात आलं की निम्मे लोक मी खरंच मेलो की नाही याची खात्री करायला येतील.

तू कधी जन्मलास, किती एकरांचा धनी होतास, कशानं गेलास, यातलं मी काही लिहिणार नाही. ते सातबाऱ्यावर आणि दवाखान्याच्या कागदांवर आहे. मला भांडायचं आहे. आपलं भांडण रंगात आलं असताना तू उठून गेलास. तुझी ती सवयच होती म्हणा. हरायला लागलास की बैल आठवायचे.

मी एसटीचा कंडक्टर, तू पैनगंगेकाठच्या वावराचा मालक, आणि दोघांना छंद एकच, नदीतली हाडं गोळा करायचा. लोक टपाल तिकिटं गोळा करतात, जुनी नाणी गोळा करतात. आपल्या नशिबी हाडं आली. ती कशी आली तेही तुला आठवत असेल. मोठा पूर ओसरल्यावर तुझ्या वावराची दरड बैलगाडीभर कोसळली होती. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, आणि अगदी तळाला गोटे आणि वाळू एकमेकांना धरून सिमेंटसारखी थिजलेली. तू वाहून गेलेला मोटारीचा पाइप शोधत होतास आणि मी सुट्टीवर असल्यामुळं तुला सल्ले देत होतो. त्या थिजलेल्या वाळूतून एक टोक बाहेर आलं होतं. तू म्हणालास दगड, मी म्हणालो हाड.

"जिभेले लावून पाह्य," तू म्हणालास. "दगड असंन त सुटते, हाड असंन त धरते."

"माहीच जीभ काहून?"

"तुही लांब हाये."

लावली. धरली. जुन्या हाडाला बारीक बारीक भोकं असतात, ती जिभेचं पाणी शोषून घेतात आणि जीभ चिकटते, हे आपल्याला पुढं कळलं. तुला ते आधीच कसं माहीत होतं, ते तू कधी सांगितलं नाहीस. तेव्हापासून होळी झाली आणि नदी आटली की आपण निघायचो. तुझ्या हातात खणायची सब्बल, माझ्याकडं जीभ. अख्ख्या तालुक्यात माझ्या जिभेवर विश्वास ठेवणारा माणूस तू एकटा, आणि तोही ती हाडाला चिकटून गप्प असेल तेवढाच वेळ.

मला किती हाडं सापडली असतील! तीनदा तर घराचं दार काढून हाडं आत घ्यावी लागली. ते एक मांडीचं हाड मी गाडीनं रिठदला मास्तरांना दाखवायला नेलं, तर गाडी डाव्या अंगाला अशी कलली की ड्रायव्हरला रिठदपर्यंत स्टेअरिंग उजवीकडं ओढून धरावं लागलं. हे मी त्याच गाडीत पुढं कितीतरी वर्षं सांगत होतो. प्रवासी ऐकायचे, हसायचे, आणि एखादा शहाणा मागच्या सीटवर बसलेल्या तुला विचारायचा, "खरं हाये का हो भाऊ?" तू खिडकीबाहेर बघायचास. म्हणायचास, "असंन."

तुला त्या एका शब्दाची ताकद ठाऊक होती. मी दहा गावं बोलत यायचो आणि तू एका शब्दात सगळ्यांना उतरवून द्यायचास. तू दिवसाकाठी पंधरा शब्द बोलायचास म्हणून तुझा प्रत्येक शब्द लोकांना खरा वाटायचा. ही कुठली रीत? तीच जमीन, तीच नदी, तेच हाड. तू सांगितलं तर बातमी, मी सांगितलं तर करमणूक.

आता त्या दाताकडं येतो.

मला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. तुझ्या वावराखालच्या वळणावर, जिथं डोह आटला की कासवाच्या पाठीसारखा खडक वर येतो, तिथं मी तो तुकडा काढला. मी काढला, उत्तमा. सब्बल तुझी होती, हात माझा होता. मुठीएवढा जबड्याचा तुकडा, मागच्या बाजूनं तुटलेला, आणि त्यातून वर निघालेला एक वाकडा सुळा. मी म्हणालो, "राक्षस." तू माझ्या हातून तो घेतलास, उन्हात धरलास, आणि तुझं मधलं बोट त्या दाताच्या शेजारी उभं लावून पाहिलंस. बराच वेळ. मग माझ्या हातात परत दिलास आणि बैलांना पाणी दाखवायला गेलास. त्या दिवशी तुझा चेहरा मी नीट पाहिला असता, तर पुढचं भांडण वाचलं असतं.

मी तो तुकडा गावात आणला आणि माझं तोंड सुटलं. पाराजवळ पोचेस्तोवर दात केळाएवढा झाला, पाराच्या पुढं छत्रीच्या मुठीएवढा. राक्षस रेडा मारून खायचा, आणि त्या रेड्याची शिंगं नदीच्या दोन्ही थडींना टेकायची, असं मी सांगितलं. लोक हसले. शेवंताबाई मात्र हसली नाही. तिची म्हैस दूध चोरत होती. तिनं विचारलं, "रेडे मारनारा हाये न थो? मंग त्याले खुश ठेवलं पाह्यजे." तिनं तो तुकडा मागून घेतला, तुझ्या वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या निंबाखाली ठेवला, तेल-शेंदूर लावला आणि नारळ फोडला. म्हशीनं दुसऱ्याच दिवशी दूध दिलं. मी सांगतो, दोन बादल्या दिलं.

झालं, त्याचा म्हसोबा झाला. म्हशींना सांभाळणारा देव. पोळ्याला शेंदूर, आखाडीला शेंदूर, कुणाची म्हैस व्याली की शेंदूर. थरावर थर चढत गेले. मुठीएवढा होता तो नारळाएवढा झाला, मग भोपळ्याएवढा. दात आत बुडाला, जबडा बुडाला, आकार गेला. नवीन पोरं म्हणू लागली, आजोबाच्या आजोबापासून हा देव स्वयंभू आहे. तू मात्र कधी हात जोडले नाहीस. तू कुठल्याच देवाला जोडले नाहीस. "माह्या वखराची एक ओळ त्याच्यापायी वाकडी जाते," एवढीच तुझी त्या देवाबद्दलची तक्रार.

आणि मग बऱ्याच वर्षांनी, मी रिटायर होऊन बसलो होतो तेव्हा, त्याच वळणावर तुला जबडा सापडला.

तू मला सांगितलं नाहीस. हे मी अजून गिळलेलं नाही. मास्तरांनी मोबाईलवर आपल्या हाडांचे फोटो पाठवले म्हणून जुन्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या मॅडम आल्या, तेव्हा कुठं मला कळलं. तुझ्या अंगणात ताडपत्री अंथरली होती. मॅडम गुडघ्यावर बसल्या आणि एकेक हाड हातात घेऊन बोलू लागल्या. त्यांचं काम पाहण्यासारखं होतं. नुसतं टोक पाहून सांगायच्या, हे खांद्याचं, हे खुराच्या वरचं. ही हत्तीच्या दाढेची कपची, हा कासवाच्या पाठीचा तुकडा. मी माझं मांडीचं हाड पुढं केलं. म्हटलं, "सात हात उंच असंल बघा."

"म्हैस," मॅडम म्हणाल्या. "रानम्हैस. हजारो वर्षांपूर्वीची आहे, चांगलं हाड आहे."

दुसरं दिलं. म्हैस. तिसरं दिलं, जे मी सिंहाचं म्हणून कारंज्यापर्यंत गाजवलं होतं. म्हैस. अख्खं आयुष्य मी उन्हात जीभ भाजून गोळा केलं आणि माझ्या वाट्याला निघाला गोठा.

मग तू उठलास. आत जाऊन धान्याच्या कोठीतून धोतरात गुंडाळलेलं काहीतरी आणलंस आणि ताडपत्रीवर ठेवलंस. मॅडमनी हातातलं हाड खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी मला आणि तुला जवळ बोलावून दाखवलं. "चारा खाणाऱ्याची दाढ जात्यासारखी असते, वरून सपाट, दळणारी. ही बघा. धार आहे. खालची आणि वरची एकमेकींवरून कात्रीसारखी सरकते. ही मांस कापणारी दाढ आहे. मांजराच्या कुळातलं मोठं जनावर. वाघ, सिंह किंवा त्यांच्या जवळचं कोणी."

मी विचारलं, मग सगळ्या म्हशीच कशा, आणि हा एकच कसा? त्या म्हणाल्या, चरणारी जनावरं पुष्कळ असतात, त्यांच्यावर जगणारा थोडा. म्हणून मांसाहाऱ्याचं हाड क्वचित सापडतं. तू नखाकडं बघत म्हणालास, "गावात पोलीस पाटील एकच असते." सगळे हसले. मॅडमही हसल्या. तुझा विनोद, तुझा वाघ, तुझं अंगण. चहासुद्धा तुझ्याच घरचा.

पेपरात फोटो आला. मॅडम, तू, तुझ्या हातात जबडा, आणि उजव्या कडेला एक कोपर. ते कोपर माझं आहे. हे मी आजवर ज्यांना सांगितलं, त्यांतल्या एकानंही विश्वास ठेवलेला नाही.

पण फोटो निघायच्या आधी मॅडम एक वाक्य बोलल्या होत्या, आणि त्या वाक्यानं आपलं घर जळालं. जबड्याच्या पुढच्या तुटक्या कडेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "इथून पुढचा सुळ्याचा भाग असता ना, तर ओळख पटवायला फार मदत झाली असती. तो गेला वाहून."

मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, "वाहून नाई गेला. माह्याजवळ हाये. म्हंजे देवाजवळ हाये. त्या धुऱ्यावर, म्हसोबाच्या आत. याच वळणावर मले सापडला, हा उत्तम होता सोबत. पुसा त्याले."

अंगणातली माणसं हसू दाबायला लागली. मॅडमनी तुझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझा शब्द मागत होतो. "असंन" म्हणाला असतास तरी चाललं असतं.

तू म्हणालास, "मले आठोत नाई."

उत्तमा, तुझी स्मरणशक्ती मला ठाऊक आहे. कुठल्या साली कुठल्या म्हशीला कुठल्या कानावर गोमाशी चावली ते तुला आठवायचं. मी लग्नात किती लाडू खाल्ले ते तू माझ्या नातवंडांना सांगितलंस. आणि हे आठवत नाही?

त्यानंतर आपलं जे सुरू झालं त्याला भांडण म्हणतात हे फक्त मला माहीत होतं, कारण बोलत फक्त मी होतो. मी म्हणायचो, देव खरवडू या. तू म्हणायचास, "देवाले खरवडते का कोनी?" मी म्हणायचो, तू कधीपासून देव मानायला लागलास? तू बैलांकडं जायचास. मी म्हणायचो, तुला अख्खा वाघ एकट्याच्या नावावर पाहिजे. त्यावर तू एकदाच वळून पाहिलंस आणि म्हणालास, "तुले अर्धा भेटला असता त त्याचे चार केले असते तू." हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

तरी उन्हाळा आला की आपण नदीवर जात होतो. तू त्या थडीला, मी या थडीला. एका सकाळी माझ्यावर दरड आली. कमरेपर्यंत गाडलो गेलो. मी ओरडलो तर ऐकू जाईल असा तू जवळ नव्हतास, तरी आलास. चिखलातून धावत आलास, नखं फुटेपर्यंत माती उपसलीस, मला बगलेत धरून ओढून काढलंस. मी रडत होतो. तू माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस. खाली वाकून, माझ्या हातातून पडलेलं हाड उचललंस, माती झटकलीस आणि मला परत दिलंस. "म्हैस हाये," म्हणालास आणि आपल्या थडीला निघून गेलास.

मी लोकांना सांगतो की त्या दिवशी मी सगळी दरड पाठीवर झेलून धरली होती. तू कधी कुणाला खरं सांगितलं नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहिले. आता मानतो. पण भांडण आहे ते आहेच.

तर, तुझी तेरवी झाली, माणसं पांगली. कांता वयनींनी मला आत बोलावलं. कोठी उघडून ते धोतरात गुंडाळलेलं बाहेर काढलं.

"भाऊजी, हे तुमी नागपूरले पोचवून द्या," त्या म्हणाल्या. "मॅडमचा फोन आल्ता. घरात कोनाले याची किंमत नाई. पोरं म्हनतात, हाड घरात कायले पाह्यजे."

मी म्हटलं, "माह्याच हातानं पाठवता काय वयनी त्याचा वाघ?"

"दुसरं कोन हाये त्याचं?"

मी धोतर सोडलं. तुझा जबडा मी कधी हातात घेतला नव्हता, तू घेऊ दिला नव्हतास. जड होता. काळपट, गुळगुळीत, आणि ती कात्रीची दाढ अजून बोटाला धार दाखवणारी. बघता बघता मी तो उलटा केला आणि पुढची तुटकी कड समोर आली. त्या कडेच्या बारीक भोकांत काहीतरी भरलं होतं. मी उजेडाकडं नेलं.

शेंदूर होता.

 कोठीत ठेवलेल्या, धोतरात गुंडाळलेल्या, मॅडम सोडून कधी कुणाच्या हाती न दिलेल्या हाडाला शेंदूर कुठून लागेल? आणि तोही नेमका तुटक्या कडेलाच?

"वयनी, उत्तम म्हसोबाकडं जात होता का?"

"जाये न," त्या म्हणाल्या. "मांगच्या पोळ्यापासून दर शनिवारी जाये. मीच चकित. जलमभर देवाले हात नाई जोडला, न आता देवाच्या मांग जाऊन बसे. समोर नाई बरं का, मांग. मी म्हनो, म्हातारपनी सुधारला मानूस."

मी जबडा घेऊन निघालो. वयनी माझ्यामागं. धुऱ्यावर पोचलो. म्हसोबा समोरून होता तसाच, लालभडक, गुलगुलीत, डोळे लावलेला. मी मागं गेलो. निंबाच्या खोडाकडची बाजू, जिथं उभं राहायला जागा नाही, वाकूनच पाहावं लागतं. तिथं शेंदराच्या थरात एक खिडकी होती. कुणीतरी सावकाश, खुरप्याच्या टोकानं, थर थर सोडवत आत गेलं होतं. आणि बाहेरून कळू नये म्हणून वर शेंदराची एक खपली झाकणासारखी बसवली होती. ती मी काढली. आत हाडाची तुटकी कड होती.

मी खाली बसलो आणि जीभ लावली.

"भाऊजी," वयनी मागून म्हणाल्या, "देवाले चाटून राह्यले का तुमी?"

जीभ पहिल्या ठिकाणी सुटली. इतक्या वर्षांचं तेल मुरलं होतं त्यात. एरवी मी सांगितलं असतं की अशी धरली की चार माणसांनी ओढून काढली. पण सुटली. मग कोपऱ्यात, जिथं तुझं खुरपं जरा खोल गेलं होतं, तिथं लावली. तिथं जराशी धरली.

मग मी तुझा जबडा उचलला आणि त्या खिडकीला लावला. तो बसला. डब्याला त्याचंच झाकण बसावं तसा, एक बारीक फटसुद्धा दिसू न देता बसला. वयनींनी तोंडाला पदर लावला.  म्हसोबाच्या पाठीतून अर्धा वाघ बाहेर आला होता.

तर तू हे केलं होतंस. एकट्यानं बसून, शनिवारी शनिवारी, मी कुठं चावडीवर तुझ्या नावानं बोंबलत असताना. तुला आठवत होतं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं. बोट लावून पाहिलंस तेव्हाच तुला कळलं होतं की मला जे सापडलं ते तुला सापडायला हवं होतं. मग तू त्या वळणावर किती उन्हाळे घातलेस ते आता माझ्या ध्यानात येतं. मी इतर ठिकाणी म्हशी वेचत होतो आणि तू एकाच जागी माझ्या दाताचं बाकीचं तोंड शोधत होतास. ते सापडलं तेव्हा मॅडम येईस्तोवर धोतरात गुंडाळून लपवलंस, कारण ते बाहेर आलं असतं तर आधी मला सापडल्याचंही बाहेर आलं असतं. आणि जोडून पाहिल्यावाचून राहवलं नाही म्हणून देवाच्या पाठीत खिडकी पाडलीस.

उत्तमा, तू माझ्यावर जळत होतास.

मी मोठ्यानं हसलो, धुऱ्यावर, तुझ्या बायकोसमोर, तुझ्या तेरवीच्या दिवशी. मग ते हसणं कुठं गेलं ते कळलं नाही. वयनींनी मला हाताला धरून बसवलं. अख्ख्या वाशीम जिल्ह्यात माझ्यावर जळणारा एक माणूस निघाला, आणि तो मला तेरवीचं जेवल्यावर सापडला. आधी कळलं असतं तर मी किती सुखात जगलो असतो! तुला काही बोललो नसतो. नुसता तुझ्या दारावरून रोज दोनदा गेलो असतो.

आता गावाचं ऐक, म्हणजे तुझा आत्मा आणखी सुजेल. गावानं बैठक घेतली. मी सगळं सांगितलं, वयनींनी मान हलवली, म्हणून माझ्यावर विश्वास बसला. पुजारी म्हणाला, शेंदराचं कवच कधी ना कधी देव सोडतोच, रीतीनं उतरवू, नदीत सोडू, मॅडमनी हाड न्यावं, आणि जागेवर नवा दगड बसवू. इथपर्यंत ठीक. मग शेवंताबाईचा थोरला उठला आणि म्हणाला, "उत्तमभाऊनं मरता मरता देवाले जागं केलं. म्हनून वाघ पुरा झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. आता पंचक्रोशीत हीच गोष्ट फिरते आहे. दात मला सापडला, आणि पुण्याई तुझी! मेल्यावरही माझ्या अर्ध्या वाघात तुझा पाय आहेच. मी विरोध करायला उठलो होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, "असंन," आणि बसलो. तुझा शब्द वापरला, त्याचा राग धरू नको.

काल मॅडमचा फोन आला. त्या दिवाळीनंतर येणार आहेत, सामान घेऊन. जबडा धुतला तर चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आम्हीच स्वच्छ करू. मी म्हटलं, सगळं करा, पण तुटकी कड आधी नीट बघून घ्या, तिथल्या शेंदराचा फोटो काढा, मग करा. का, ते त्यांनी विचारलं नाही.

मग म्हणाल्या, "काका, शेंदूर निघेपर्यंत मला अंदाज हवा आहे. सुळा किती मोठा होता? तुम्ही पाहिलेला आहे. आठवून सांगा, अगदी खरं."

माझ्या तोंडात छत्रीची मूठ आली होती. केळ आलं होतं. इतकी वर्षं मी तो दात इतका वाढवला होता की मला स्वतःला त्याचं खरं माप उरलं नव्हतं. मी डोळे मिटले. वळण दिसलं, ऊन दिसलं, कासवाच्या पाठीसारखा खडक दिसला, आणि तुझं बोट दिसलं. दाताच्या शेजारी उभं लावलेलं, नखात काळी माती भरलेलं.

"दोन पेरं," मी म्हटलं. "मधल्या बोटाची."

 मग त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकं लहान सांगताय, म्हणजे खरं असणार. लिहून घेते. पण काका, बोटं सगळ्यांची सारखी नसतात. ते बोट एकदा पट्टीवर मोजून कळवाल का?"

मी एका हातानं फोन कानाला धरून दुसरा हात समोर पसरला. माझं बोट माझ्यासमोर होतं, पण ते आखूड आहे, तुला माहीत आहे. तुझी बोटं लांब होती. वेचणाऱ्याची.

"मॅडम," मी म्हटलं, "ते बोट आम्ही पैनगंगेच्या काठी जाळलं."